इंकांची पवित्र दरी

इंकांची पवित्र दरी : दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या कूस्को विभागात विल्कानोता ऊर्फ उरुबांबा नदीच्या खोऱ्याचा, पिसाक ते ओयांतायताम्बो यांदरम्यानचा, सु. ६० किमी. लांबीचा भाग. इंका राजांच्या जहागिरी, मजगीची शेते, पाट, कोठारे व मंदिरे यांचे अवशेष येथे विपुल असून त्यांच्यालगत, व काही ठिकाणी त्यांच्यातच, केचुआ भाषिक शेतकऱ्यांची गावे नांदत आहेत. वसाहतकालीन कागदपत्रांत या प्रदेशाचा उल्लेख ‘युकायची दरी’ असा येतो. ‘पवित्र दरी’ हे नाव विसाव्या शतकात पर्यटनाबरोबर रूढ झाले. कूस्को शहरातून सकाळी निघून सायंकाळी परतणारी मार्गदर्शित सहल हा ही दरी पाहण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग होय. अशा सहलीत प्रवाशाच्या दृष्टीस प्रामुख्याने दगडी बांधकाम पडते. परंतु ते बांधकाम जमीन, पाणी, बियाणे व सामुदायिक श्रम यांच्या एका व्यवस्थेचा भाग होते, आणि त्या व्यवस्थेचा बराच अंश आजही चालू आहे. म्हणून दरीतील अवशेष व खेडी यांचा विचार एकत्रितपणे करणे आवश्यक ठरते.

भूवर्णन : कूस्को शहर समुद्रसपाटीपासून सु. ३,४०० मी. उंचीवर आहे, तर दरीचा तळ २,८०० ते ३,००० मी.पर्यंत उतरतो. त्यामुळे दरीतील हवामान शहरापेक्षा सौम्य आहे. नदी वायव्येकडे वाहत जाऊन पुढे उकायाली नदीमार्गे ॲमेझॉनला मिळते. पावसाळा साधारणतः नोव्हेंबर ते मार्च, तर कोरडा ऋतू मे ते सप्टेंबर असतो. कोरड्या ऋतूत दिवसा कडक ऊन व रात्री हिमतुषार असे टोकाचे हवामान उंचावर अनुभवास येते.

दरीच्या तळापासून शिखरांकडे जाताना थोडक्या अंतरात पीक बदलते. तळाशी व खालच्या उतारांवर मका होतो; येथील टपोऱ्या दाण्याच्या पांढऱ्या मक्यास पेरूमध्ये भौगोलिक उत्पत्तीचे संरक्षण मिळालेले आहे. सु. ३,३०० मी.च्या वर बटाटा व ओका, उयुको यांसारखी अन्य कंदपिके घेतात. सु. ४,००० मी.च्या वर शेती विरळ होऊन लामा व अल्पाका या प्राण्यांची कुरणे लागतात. एकाच समाजाने भिन्न उंचीवरील जमिनी आपल्या ताब्यात ठेवून सर्व गरजा भागवावयाच्या, हे अँडीजमधील अर्थव्यवस्थेचे वैशिष्ट्य मानववंशशास्त्रज्ञ जॉन मरा यांनी १९७२ मध्ये सविस्तर मांडले. पिकांच्या या उभ्या रचनेमुळेच इंका राजांना राजधानीजवळची ही दरी मोलाची वाटली.

इतिहास : इंकांच्या पूर्वी या प्रदेशात लहानलहान जमातींची वस्ती होती. पंधराव्या शतकाच्या मध्यास राजा पाचाकूती याने कूस्कोच्या परिसरावर आपला अंमल बसविला आणि दरीतील मोक्याच्या जागी स्वतःच्या जहागिरी वसविल्या. पिसाक व ओयांतायताम्बो या त्याच्या, चिंचेरो ही त्याचा पुत्र तूपाक इंका युपांकी याची, तर युकायलगतची जमीन वाइना कापाक याची जहागीर होती. राजाच्या मृत्यूनंतर अशी जहागीर नव्या राजाकडे न जाता मृत राजाच्या वंशजांच्या गटाकडे राही. हा गट त्या उत्पन्नातून राजाच्या जतन केलेल्या देहाची सेवा करी. प्रत्येक नव्या राजास त्यामुळे नवी जमीन लागवडीखाली आणावी लागे. दरीतील मजग्यांचा प्रचंड विस्तार होण्याचे हे एक कारण मानले जाते.

या कामांसाठी लागणारे श्रम ‘मिता’ या पाळीपाळीने द्यावयाच्या सेवेतून मिळत. गावपातळीवरील मूळ घटक ‘आयल्यु’ म्हणजे समाईक जमीन असलेला नातलग कुटुंबांचा समूह होय. त्यांच्यातील परस्पर श्रमविनिमयास ‘आयनी’ म्हणतात. आयनीची तुलना महाराष्ट्रातील इर्जिक वा सावड या प्रथांशी काही अंशी करता येईल. पेरणी, काढणी व घरबांधणी यांसाठी ही प्रथा डोंगरातील खेड्यांतून अद्यापि पाळली जाते.

फ्रांसिस्को पिझारो याने १५३२ मध्ये काहामार्का येथे आतावाल्पा यास कैद केले व १५३३ मध्ये त्याचा वध करविला. पुढे स्पॅनिशांनी गादीवर बसविलेला मांको इंका १५३६ मध्ये त्यांच्याविरुद्ध उठला. कूस्कोच्या वेढ्याच्या काळात त्याने ओयांतायताम्बो येथे ठाण मांडले आणि एर्नांदो पिझारोच्या नेतृत्वाखालील फौजेचा पराभव केला. मजग्यांच्या उंचीवरून मारा करून व पाटांचे पाणी मैदानात सोडून इंका सैन्याने स्पॅनिश घोडदळ निकामी केल्याचे वृत्तांत आहेत. तथापि हे ठाणे फार काळ टिकविता येणार नाही हे ओळखून मांको इंका विल्काबांबाच्या अरण्यमय प्रदेशात निघून गेला.

व्हाइसरॉय फ्रांसिस्को दे तोलेदो (कार. १५६९–८१) याने विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना चौकोनी आखणीच्या नव्या गावांत वसविले; सध्याचे पिसाक गाव अशांपैकी एक. पुढील शतकांत उत्तम जमिनी मोठ्या जमीनदारांच्या ‘हासिएंदा’ नामक मळ्यांत गेल्या व पूर्वीचे मालक तेथे वेठीस राबू लागले. जनरल व्हेलास्को यांच्या राजवटीत २४ जून १९६९ रोजी जाहीर झालेल्या जमीनसुधारणा कायद्याने हे मळे मोडले. १९७५ मध्ये केचुआ भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. दरीतील शेतकरी समाज आज ज्या जमिनी कसतात, त्यांपैकी बऱ्याच जमिनींवरील त्यांचा कायदेशीर हक्क याप्रमाणे अलीकडचा आहे.

मजगी व पाणी : इंका मजगीला स्पॅनिशमध्ये ‘आंदेनेस’ म्हणतात. तिची धारक भिंत आतील बाजूस किंचित कललेली असते. भिंतीमागे तळाशी मोठे दगड, त्यांवर खडी, मग वाळू व सर्वांत वर सुपीक माती असे थर दिलेले असतात. त्यामुळे जादा पाणी झिरपून जाते व भिंतीवर दाब येत नाही. दिवसा तापलेले दगड रात्री उष्णता सोडतात आणि पिकाचे हिमतुषारापासून काहीसे रक्षण होते. उंचावरील झरे व ओढे यांचे पाणी दगडी पाटांनी आणून एका मजगीवरून दुसरीवर उतरविले जाई. पिसाकजवळ इंकांनी खुद्द नदीचे पात्र सु. ३ किमी. लांबीपर्यंत दगडी तटबंदीने सरळ करून पुराखालची जमीन लागवडीस आणली होती.

मजगी ही एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हे. पाटातील गाळ दरवर्षी काढावा लागतो, फुगलेली भिंत वेळीच उतरवून पुन्हा रचावी लागते. वसाहतकाळात लोकसंख्या घटल्याने व सक्तीच्या स्थलांतरामुळे हे काम थांबले, तेथे मजग्या ओस पडल्या. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ ॲन केंडल यांनी १९७७ पासून या भागात उत्खननाबरोबरच जुने पाट पुन्हा वाहते करण्याचे काम हाती घेतले. १९९० नंतरच्या दशकात ओयांतायताम्बोजवळच्या पाताकांचा खोऱ्यात पुमामार्का पाटाची दुरुस्ती झाली आणि सु. १६० हेक्टर मजग्या पुन्हा ओलिताखाली आल्या. स्थानिक गावकऱ्यांनी दगड व चिकणमाती ही पारंपरिक साधनेच त्यासाठी वापरली. पाचशे वर्षांपूर्वीचे तंत्र आजही उपयुक्त आहे, मात्र त्यासाठी राबणारा समाज जागेवर असावा लागतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

सहलीतील प्रमुख स्थळे : कूस्कोहून निघणारी नेहमीची सहल पिसाक, उरुबांबा, ओयांतायताम्बो व चिंचेरो या क्रमाने होते. काही सहलींत मोराय व मारास यांचाही समावेश असतो. पुढील वर्णन याच क्रमाने केले आहे.

पिसाक येथील अवशेष गावाच्या वर, डोंगराच्या लांबट धारेवर पसरलेले आहेत. उताराच्या वळणांनुसार वाकणाऱ्या मजग्या, पाण्याची कुंडे, घरांचे समूह व उत्कृष्ट घडीव दगडांचे मंदिरसंकुल ही येथील वैशिष्ट्ये. संकुलाच्या मध्यभागी मूळ खडकातच कोरलेला ‘इंतिवाताना’ नामक दगड आहे. समोरच्या कड्यात असंख्य दफनविवरे दिसतात. ती पूर्वीच लुटली गेली आहेत. खालच्या गावातील बाजार प्रसिद्ध आहे. मूळचा हा आसपासच्या खेड्यांचा आठवडी बाजार होता; आता त्यात प्रवाशांसाठी ठेवलेल्या वस्तूंचा भरणा अधिक असून त्यांपैकी अनेक यंत्रावर विणलेल्या असतात.

ओयांतायताम्बो (उंची सु. २,८०० मी.) येथे उंच मजग्यांच्या माथ्यावर सहा प्रचंड शिळांची एक अपूर्ण भिंत उभी आहे. या शिळा गुलाबी छटेच्या ज्वालामुखीजन्य खडकाच्या असून नदीपलीकडील काचिकाता येथील खाणींतून आणल्या आहेत. त्यांतील मोठ्या शिळांचे वजन ५० टनांहून अधिक असल्याचा अंदाज आहे. खाणीतून काढलेल्या परंतु मुक्कामी न पोहोचलेल्या शिळा वाटेत पडून आहेत. त्यांना लोक ‘दमलेले दगड’ म्हणतात. वास्तुतज्ञ झां-प्येर प्रोत्सेन यांनी येथील बांधकामाचा सूक्ष्म अभ्यास केला आणि कठीण गोट्यांनी ठोकून असे दगड घडविता येतात, हे स्वतः प्रयोग करून दाखविले. ही बांधकामे अज्ञात वा परग्रहीय शक्तींची असल्याच्या लोकप्रिय कल्पनांना त्यामुळे आधार उरत नाही.

अवशेषांइतकेच महत्त्व खालच्या गावाला आहे. समांतर अरुंद गल्ल्या, त्यांच्या कडेने वाहणारे पाण्याचे पाट आणि सामाईक अंगणाभोवती घरे असलेले ‘कांचा’ नामक चौक ही इंकाकालीन नगररचना येथे अजून वापरात आहे. पंधराव्या शतकातील दगडी चौकटीतून आजचे रहिवासी घरात ये-जा करतात. समोरच्या पिंकुइयुना टेकडीवर थंड वाऱ्याच्या झोतात बांधलेली ‘कोल्का’ म्हणजे धान्यकोठारे दिसतात. माचू पिक्‌चूकडे जाणारी आगगाडी येथूनच सुटत असल्याने बरेच प्रवासी सहल अर्ध्यावर सोडून पुढे जातात.

चिंचेरो (उंची सु. ३,७६० मी.) हे दरीच्या वरील पठारावर आहे. तूपाक इंका युपांकीच्या वाड्याच्या भिंतींवर वसाहतकाळात चर्च उभारण्यात आले. येथील विणकाम प्रसिद्ध आहे. मागाचे एक टोक खुंटीला व दुसरे विणणाऱ्या स्त्रीच्या कमरपट्ट्याला बांधलेले असते. शरीर मागेपुढे झुकवून ती ताण्याचा ताण राखते. लोकर ‘साक्ता’ नामक मुळाच्या फेसाने धुतात. लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील कीटकांपासून, तर हिरवा ‘चिल्का’ या झुडपाच्या पाल्यापासून मिळवितात. नील्दा कायान्याउपा आल्वारेस या चिंचेरोच्या विणकर स्त्रीच्या पुढाकाराने १९९६ मध्ये कूस्को येथे पारंपरिक वस्त्रकला केंद्र स्थापन झाले. विस्मरणात चाललेले नमुने व वनस्पतिजन्य रंग पुन्हा प्रचारात आणण्यात आणि विणकरांना त्यांच्या श्रमाचा योग्य मोबदला मिळवून देण्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे.

मोराय येथे नैसर्गिक खोलगट भागात समकेंद्री वर्तुळाकार मजग्या उतरत गेलेल्या आहेत. १९३१ च्या शिप्पी–जॉन्सन हवाई मोहिमेने घेतलेल्या छायाचित्रांमुळे हे स्थळ बाहेरच्या जगास ठाऊक झाले. वरच्या व खालच्या पायऱ्यांच्या तापमानांत फरक पडतो. त्यावरून हे इंकांचे कृषिप्रयोगक्षेत्र असावे, असे मत जॉन अर्ल्झ यांनी मांडले. ते लोकप्रिय झाले असले, तरी सर्वमान्य नाही; धार्मिक विधींसाठी या जागेचा उपयोग होत असावा, असेही प्रतिपादन केले जाते. मार्गदर्शक मात्र प्रयोगक्षेत्राची कल्पना बहुधा सिद्ध गोष्ट म्हणूनच सांगतात.

मारास गावाखालच्या घळीत तीन हजारांहून अधिक लहान वाफ्यांचे मिठागर आहे. डोंगरातून निघणाऱ्या खाऱ्या झऱ्याचे पाणी बारीक पाटांनी वाफ्यांत सोडतात, उन्हाने ते आटते, व साधारण महिन्याभराने मिठाचा थर खरवडून काढतात. वाफे मारास व पिचिंगोतो येथील कुटुंबांच्या ताब्यात असून ते वारशाने पुढे जातात. पाण्याची पाळी ठरलेली असते. एका कुटुंबाने आपला वाफा नादुरुस्त ठेवला, तर त्याखालच्या वाफ्यांना त्याचा उपद्रव होतो. प्रवाशांच्या वावरामुळे मीठ दूषित होऊ लागल्याने २०१९ पासून वाफ्यांमधून चालण्यास मनाई करण्यात आली आणि दर्शन वरच्या वाटेवरूनच घ्यावे लागते.

खेडी व लोकजीवन : मुख्य रस्त्यापासून दूरच्या खेड्यांना थोडेच प्रवासी भेट देतात. पिसाकच्या वरील डोंगरात सहा शेतकरी समाजांनी मिळून ‘बटाटा उद्यान’ स्थापन केले असून तेथे बटाट्याच्या शेकडो देशी जाती शेतांतच राखल्या जातात. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी या समाजांनी २००४ मध्ये करार केला व त्यान्वये पूर्वी याच भागातून संग्रहासाठी नेलेल्या अनेक जाती त्यांना परत मिळाल्या. ज्यांनी बियाणे घडविले त्यांचा त्यावरील हक्क मान्य करणारा हा करार उल्लेखनीय आहे. बटाट्याचे मूळस्थान अँडीज पर्वत असून केचुआमध्ये त्यास ‘पापा’ म्हणतात. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्द मात्र कॅरिबियन भाषेतून रताळ्यासाठी उचललेल्या व पोर्तुगीजांनी रूढ केलेल्या शब्दावरून आला आहे [→ बटाटा]. रात्रीच्या गोठणीत ठेवून, दिवसा तुडवून व वाळवून केलेला ‘चुन्यो’ हा बटाट्याचा टिकाऊ प्रकार वर्षानुवर्षे साठविता येतो.

मोरायजवळील मिस्मिनाय या खेड्यात गॅरी अर्टन यांनी केलेले आकाशविषयक लोकज्ञानाचे संशोधन १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथील शेतकरी आकाशगंगेतील काळ्या पट्ट्यांत लामा, कोल्हा, बेडूक, साप इ. आकृती पाहतात आणि विल्कानोता नदी ही आकाशातील नदीशी जोडलेली आहे असे मानतात. पर्वतशिखरांना ‘आपू’ म्हणजे संरक्षक देव मानून व पृथ्वीमाता ‘पाचामामा’ हिला मद्य व कोकाची पाने अर्पून कामास आरंभ करण्याची चाल ख्रिस्ती धर्माबरोबरच टिकून आहे.

सहलीचे स्वरूप : पिसाक, ओयांतायताम्बो, चिंचेरो व मोराय ही स्थळे कूस्कोच्या एकत्रित पर्यटन तिकिटात अंतर्भूत आहेत, मारासच्या मिठागरासाठी वेगळे शुल्क द्यावे लागते. एका दिवसात चार स्थळे पाहावयाची असल्याने प्रत्येक ठिकाणी सु. एक तासच मिळतो व बराचसा वेळ प्रवासात जातो. सखल प्रदेशातून थेट आलेल्यांना उंचीमुळे डोकेदुखी, मळमळ व धाप लागणे असा त्रास होतो. त्यास स्थानिक भाषेत ‘सोरोचे’ म्हणतात. दरी शहरापेक्षा खाली असल्याने आरंभीचे एकदोन दिवस दरीतच मुक्काम करणे हितकर ठरते. असा मुक्काम केल्यास गर्दी ओसरल्यावर स्थळे पाहता येतात आणि प्रवाशाचा पैसाही अधिक प्रमाणात गावात राहतो.

सद्यःस्थिती व प्रश्न : कूस्को शहर व माचू पिक्‌चू यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश १९८३ मध्ये झाला; इंकांच्या राजमार्गांचे जाळे २०१४ मध्ये त्या यादीत आले. दरीतील पर्यटन १९८३ नंतरच्या काळात एकंदरीत वाढले आहे. जानेवारी २०१० मधील अतिवृष्टीने नदीला महापूर आला. पिसाक येथील पूल कोसळला, शेते व घरे वाहून गेली, माचू पिक्‌चूकडील लोहमार्ग तुटून हजारो प्रवासी अडकले. त्याच पावसाळ्यात मोरायच्या मजग्याही ढासळल्या व नंतर त्यांची दुरुस्ती करण्यात आली.

सर्वांत मोठा वाद चिंचेरोच्या पठारावरील नियोजित आंतरराष्ट्रीय विमानतळासंबंधी आहे. कूस्कोचा विमानतळ शहराच्या वस्तीत व डोंगरांनी वेढलेला असल्याने नवा विमानतळ आवश्यक आहे, असे शासनाचे म्हणणे. त्यासाठी स्थानिक समाजांकडून जमीन घेण्यात आली व २०१९ मध्ये सपाटीकरण सुरू झाले. त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ, इतिहासकार व अन्य विद्वानांनी जाहीर निवेदनाद्वारे विरोध नोंदविला. इंकाकालीन भूदृश्याची हानी, पठारावरील पाणवठ्यांवर पडणारा ताण आणि आधीच भरलेल्या स्थळांवर येणारा प्रवाशांचा वाढीव लोंढा हे त्यांचे प्रमुख आक्षेप होत. चिंचेरोतील अनेक रहिवासी मात्र रोजगाराच्या व उत्पन्नाच्या आशेने प्रकल्पाच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या दृष्टीने, ज्या वारशाचा लाभ मुख्यतः शहरातील व्यावसायिकांना होतो, त्याच्यासाठी गावाने मात्र मागे राहावे, ही अपेक्षा न्याय्य नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे लक्षात घेतल्याखेरीज या वादाचे आकलन होत नाही.

दरीतील अवशेषांचे भवितव्य पुरातत्त्वखात्याच्या डागडुजीइतकेच तेथील शेतीवर अवलंबून आहे. पाट साफ करणारे हात हॉटेलांत व शहरांत गेले, की वरच्या मजग्या कोरड्या पडतात. पाणी अनावर होऊन वाहू लागले, की खालच्या भिंती ढासळतात. याउलट जेथे पाण्याची पाळी, बियाण्याची देवघेव व आयनीची प्रथा टिकून आहे, तेथे इंकाकालीन भिंती आजही पिकाचा भार सांभाळत उभ्या आहेत [→ इंका संस्कृति].